टोफूवाला कुणाशी बोलला?

सेइजी इवाबुचीची थोरली लेक चिहारू लग्न होऊन सेंदाईला गेली, ते शोवाचं एकोणसाठावं वर्ष, म्हणजे १९८४. लग्न मे महिन्यात झालं. रीतीप्रमाणे मानाचे पाहुणे पुढे, नवरानवरीजवळ, आणि घरची माणसं सगळ्यांत मागच्या टेबलाशी. कुसाका गुरुजींच्या नावाची चिठ्ठी पुढच्या टेबलावर, प्रकाशकाच्या शेजारी ठेवलेली होती. गुरुजींनी ती चिठ्ठी उचलली, खिशात घातली आणि मागे येऊन सेइजीच्या बायकोशेजारी, मित्सुएशेजारी बसले.

"गुरुजी, तुमची जागा पुढे आहे," सेइजी म्हणाला.

"पुढे भाषणं करावी लागतात. इथं नुसतं रडलं तरी चालतं," गुरुजी म्हणाले, आणि खरोखरच रुमाल काढून बसले.

सेइजीला आईबाप नव्हते. युद्धात, तो सात वर्षांचा असताना, दोघं एकाच रात्री गेले. काकानं वाढवलं. पंधराव्या वर्षी चित्रांची गुंडाळी काखेत मारून तो तोक्योला आला आणि कुसाका योहेइंच्या दारात उभा राहिला. त्या काळी भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं गल्लोगल्ली होती, आणि त्या दुकानांसाठी गुरुजी भुताखेतांच्या चित्रकथा काढत. चित्रं त्यांनी पाहिलीच नाहीत आधी. "जेवलास का?" विचारलं. मग आत बघून बायकोला हाक मारली, "मासुनो, एक वाटी जास्त घाल गं." ती जास्तीची वाटी पुढं आठ वर्षं घातली गेली. घरं, जिने, पाऊस, अंधार कसा काढायचा ते सेइजी तिथं शिकला. हात मात्र त्याला कधी नीट जमले नाहीत. त्यानं काढलेली बोटं पाहून मासुनोबाई म्हणायच्या, "ही काय बोटं आहेत का मुळ्याची जुडी?"

पुढं ती दुकानं बंद पडली. मुलं मासिकं विकत घेऊ लागली, आणि गुरुजींची चित्रं मासिकांना जुनाट वाटू लागली. ते दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. इकडं सेइजीचं नाव होत गेलं. एक दिवस तो पाट्या रंगवणाऱ्या गुरुजींकडे गेला आणि म्हणाला, "गुरुजी, मला घरं काढता येत नाहीत. तुम्ही येऊन काढाल का?" ही थाप होती, आणि ती थाप आहे हे दोघांनाही कळत होतं. गुरुजींनी ब्रश धुतला आणि दुसऱ्या दिवशीपासून सेइजीच्या नेरिमाच्या घराच्या माडीवर, खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसू लागले. चारचौघांत ते सेइजीला 'मालक' म्हणत. एकटे असले की 'अरे सेइ'.

आता सेइजीच्या चित्रकथेच्या मालिकेचं सांगायला हवं. तिचं नाव 'उसवलेली शिवण'. मुलींच्या एका भयकथांच्या मासिकात ती दर महिन्याला येई. कोइतो नावाची सोळा वर्षांची मुलगी जुन्या कपड्यांचं दुकान चालवते. मेलेल्या माणसांचे किमोनो तिच्या दुकानात विकायला येतात, आणि ज्याचा किमोनो, तो मेलेला माणूस त्या कपड्याशेजारी उभा असतो. तो फक्त कोइतोला दिसतो. त्याचा एक प्रश्न राहून गेलेला असतो, मला कुणी मारलं, माझं पोर कुठं गेलं, असा काहीतरी. कोइतो किमोनोची शिवण उसवते, अस्तर तपासते, डाग पाहते आणि त्या प्रश्नाचा उलगडा करते. उत्तर मिळालं की मेलेला माणूस निघून जातो. मधूनमधून दुकानामागच्या खोलीत कोइतोची आई चहा करते, मुलीला रागवते, "केस विंचर, भूत दिसतेस" म्हणते. भीतीच्या दोन प्रसंगांमध्ये वाचणाऱ्या पोरींना श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून सेइजीनं ही आई घातली होती. पोरींचा तिच्यावर फार जीव होता.

चिहारू गेल्यावर घर सुनं झालं, आणि काम तेवढंच राहिलं. सप्टेंबरचा अंक घाईत निघाला. एका चौकटीत आई डावीकडं तोंड करून चहा ओतते असं हवं होतं. सेइजी म्हणाला, "गुरुजी, जुलैच्या पानावर उजवीकडं तोंड केलेली आई आहे, तीच उलटी करून घ्या. चेहरा मी काढतो."

हे काम सोपं. खालून दिवा लावलेल्या काचेवर जुनं पान पालथं घालायचं, वर कोरा कागद, आणि दिसेल तसं गिरवायचं. पण पान पालथं घातलं की चेहऱ्यासारखा कपडाही उलटतो. जिवंत माणसाच्या किमोनोचा डावा पल्ला वर असतो. उजवा वर असतो तो मेलेल्याचा, चितेवर जायच्या आधी घरच्यांनी नेसवलेला. पान उलटवलं की गळ्याशी पल्ला फिरवून घ्यायचा, ही गुरुजींच्या हातात मुरलेली सवय होती. त्या दिवशी हात फिरला नाही. सेइजीनं चेहरा काढला, गळा पाहिला नाही. मित्सुएनं किमोनोवर ठिपक्यांची जाळी चिकटवली, तिनंही पाहिलं नाही. छापखान्यात कुणी पाहिलं नाही. अंक निघाला, आणि गावोगावच्या पोरींनी पहिल्या दिवशीच पाहिलं.

मासिकाचा संपादक ओनोदेरा स्वतः आला. सेइजीला तो मानानं 'सेन्सेई' म्हणे. हातात लाल घेवड्याच्या गोड वड्यांचा खोका, म्हणजे बातमी वाईट. गुरुजी त्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते.

"सेन्सेई, आमचा फोन सकाळपासून खाली ठेवता येत नाहीये," ओनोदेरा म्हणाला. "पोरी रडतायत. कोइतोची आई मेलेली आहे का, विचारतायत. एकीनं तर शाळेतूनच फोन केला, मागं घंटा वाजत होती."

"कोइतोची आई? कशी मेली?"

ओनोदेरानं अंक उघडून पुढं ठेवला. सेइजीनं पाहिलं. मित्सुए चहा घेऊन आली होती, तिनंही वाकून पाहिलं, आणि हातातली थाळी तशीच धरून उभी राहिली.

"चहा सांडतोय, बाई," ओनोदेरा म्हणाला.

"सांडू दे," मित्सुए म्हणाली. "मी ती जाळी चिकटवली हो. या हातांनी."

"चूक कुणाचीही असो. मेलेल्यांच्या कपड्यांवरची मालिका, आणि तिच्यातच पल्ला उलटा! दुसऱ्या मासिकवाल्यांना हसायला निमित्त. पुढच्या अंकात दोन ओळींची माफी छापू. 'चित्र काढताना नजरचूक झाली.' मिटलं." मग तो आवाज खाली करून म्हणाला, "आणि सेन्सेई, राग मानू नका. कुसाका-सानांच्या डोळ्यांचं आम्हाला कळलंय. आमचे वरिष्ठ म्हणतात, एक तरुण मुलगा देतो मदतीला. आजोबांना आता विश्रांती द्या."

"वरिष्ठांनी हे पान छापायच्या आधी पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं."

"त्यांचे डोळे कसे आहेत?"

ओनोदेरा ओशाळून हसला. माणूस वाईट नव्हता. पण निरोप घेऊन आलेला होता, आणि निरोप पोचवल्याशिवाय त्याला परत जाता येत नव्हतं.

सेइजीला त्या दोन ओळींची खरी भीती वाटली. गुरुजींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. कडेकडेचं दिसेनासं झालं होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरनं साफ सांगितलं होतं. गुरुजी म्हणत, "ज्या दिवशी माझ्या हातानं पान नासेल, त्या दिवशी टाक खाली ठेवीन. कुणी सांगायची वाट बघणार नाही." मासुनोबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एका खोलीत एकटा राहणारा तो माणूस सकाळी उठत होता तो या टेबलापायीच. नजरचूक झाली असं छापून आलं, की ती कुणाची हे त्यांना लगेच कळणार. मग ते लाजेनं मान खाली घालून जिना उतरणार, आणि पुन्हा चढणार नाहीत. टाक त्यांनी कधीतरी ठेवायचाच होता, पण तो असा नाही.

"माफी छापू नका," सेइजी म्हणाला.

"मग काय छापू?"

"ती चूक नाहीच. कोइतोची आई मेलेलीच आहे."

ओनोदेरानं त्याच्याकडं बघितलं. मग मित्सुएकडं. मित्सुए छताकडं बघत होती.

"कधीपासून मेली आहे?" ओनोदेरानं विचारलं.

"पहिल्यापासून."

"सेन्सेई, हे आत्ता सुचलं ना तुम्हाला?"

"पुढच्या भागात कळेल."

"पुढच्या भागाची पानं वेळेत मिळाली नाहीत किंवा गोष्ट जुळली नाही, तर माफी छापणार. आणि त्या मुलालाही पाठवणार. एवढंच माझ्या हातात आहे."

"एवढं पुष्कळ आहे, ओनोदेरा-सान. उपकार झाले."

तो गेल्यावर मित्सुए म्हणाली, "अहो, बाईला मारलीत तुम्ही एका वाक्यात. निस्तरणार कसं?"

"जुने अंक काढ."

दोघं जमिनीवर बसली आणि तीन वर्षांचे अंक पसरले. कथा लिहिताना दुसऱ्यांची कोडी सोडवणारा माणूस आता स्वतःच्या कथेतल्या मरणाचा शोध घेऊ लागला. आणि गंमत अशी, की पुष्कळसं आपोआप जुळत गेलं. आई दुकानात कधी येत नाही, ती मागच्या खोलीतच असते. का, तर सेइजीला दुकानातली गर्दी काढायचा कंटाळा. आई कोइतोशिवाय कुणाशी बोलत नाही. का, तर तिचं काम तेवढंच होतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट पहिल्याच भागात सापडली. कोइतो सदा एकच निळ्या पट्ट्यांचा किमोनो घालते, आणि पहिल्या पानावर ती गिऱ्हाईकाला सांगते की हा आईचा, मी माझ्या मापाचा करून घेतलाय. दर महिन्याला नवी नक्षी काढायला नको, म्हणून सेइजीनं ते वाक्य घातलं होतं.

"मेलेलं माणूस आपल्या कपड्याजवळ उभं असतं," मित्सुए हळूच म्हणाली. "आणि ही पोर आईचा कपडा अंगावर घेऊनच फिरते."

"म्हणून आई कायम जवळ."

"माझ्या अंगावर काटा आला हो. तुम्हाला इतकं ठाऊक असतं तर तुम्ही किती मोठे झाला असता!"

दोघं हसली. आणि मग गेल्या हिवाळ्याच्या अंकात टोफूवाला निघाला.

एकच पान. संध्याकाळ, दारात कोइतो आणि आई, समोर सायकल थांबवून टोफूवाला. तो वाकून म्हणतो, "बाई, आज मऊ देऊ की घट्ट?" आई म्हणते, "घट्ट." तो म्हणतो, "आभारी आहे."

टोफूवाल्याला आई दिसते. म्हणजे आई जिवंत आहे. सगळं मुसळ केरात.

त्यानंतरचे दिवस सेइजीनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. टोफूवालाही मेलेला दाखवावा? मग टोफू कुठून आला? त्यालाही भुतं दिसतात म्हणावं? मग कोइतोचं वेगळेपण काय उरलं? वाचणाऱ्या पोरी असली ठिगळं बरोबर ओळखतात. तो बागेत फिरून आला, केस कापून आला, एक दिवस उगीचच लेकीला सेंदाईला फोन करून "टोफू कुठला आणतेस?" असं विचारून बसला. चिहारूनं आईला फोन मागितला आणि विचारलं, "बाबांना बरं आहे ना?"

गुरुजींना त्यानं एवढंच सांगितलं होतं, की पुढच्या भागात आई मेलेली निघणार आहे. आधीपासून तसं ठरलेलं होतं. गुरुजी "अस्सं" म्हणाले आणि टाक पुसू लागले. सेइजी त्यांच्यासमोर फार मोकळेपणानं बोलत होता, जरा जास्तच हसत होता. त्यांच्या पानांवर मागून नजर फिरवायची ती मित्सुएनं, तीही चहा द्यायच्या निमित्तानं. एकदा एका खिडकीची चौकट तिरकी गेली, ती सेइजीनं गुपचूप सरळ केली.

एके दिवशी मित्सुए बाजारात गेली होती. माडीवर दोघंच. सेइजी कोऱ्या कागदापुढं डोकं धरून बसला होता.

"अरे सेइ," गुरुजी म्हणाले.

"जी."

"टोफूवाल्यापाशी अडलास ना?"

सेइजीनं वर पाहिलं. गुरुजी खिडकीकडं तोंड करून बसले होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ते पान मीच काढलंय. आणि आईचा पल्लाही मीच उलटा काढलाय."

सेइजी घाईघाईनं म्हणाला, "नाही गुरुजी, ते आधीच ठरलं होतं..."

"गप रे. हमामखान्यात गल्ल्यावर बसते ना म्हातारी, तिच्या नातीनं मला अंक निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी विचारलं. 'आजोबा, कोइतोची आई मेली का हो?' मी म्हटलं, असं का वाटतं बाळ? तर म्हणाली, 'पल्ला उलटा आहे की!' मी ओल्या केसांनी घरी आलो आणि भिंग लावून पान पाहिलं. चांगला ठसठशीत काढलाय. आंधळ्याच्या मानानं रेघ सुरेख आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काय करतोस ते बघत होतो." गुरुजींनी तोंड वळवलं. "टाक खाली ठेवायचा म्हणून दुसऱ्या दिवशी आलो होतो. बोलायला तोंड उघडलं, तर तू म्हणालास, आधीच ठरलं होतं म्हणून. इतक्या वाईट रीतीनं खोटं बोललास, की मला राहवलंच नाही. वाटलं, बघू तरी कुठवर नेतो."

सेइजी उठून त्यांच्यासमोर बसला, गुडघे मोडून, पंधराव्या वर्षी बसला होता तसा. गुरुजीच बोलू लागले.

"आमच्या गल्लीत टोफूवाला येतो, ठाऊक आहे ना? तुझ्या पानातली हाक त्याचीच. संध्याकाळी, पिपाणी वाजवत. मासुनो असताना ती दारात जायची. ती गेली. तेराव्याचौदाव्या दिवशी असेल, मी अंधारात बसलो होतो, दिवाही लावला नव्हता. तो आला, दाराशी थांबला, आणि नेहमीसारखी हाक मारली. 'बाई, आज मऊ देऊ की घट्ट?'"

"त्याला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक नसायला काय झालं? अंत्ययात्रेला तो होता. मला आधी राग आला. वाटलं, थट्टा करतोय. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'घट्ट.' मासुनो नेहमी घट्टच घ्यायची. त्यानं वाडग्यात टोफू ठेवला, 'आभारी आहे बाई' म्हणाला आणि गेला. आता टोफू घरात आलाय म्हटल्यावर त्याचं काहीतरी करणं आलं. सूप केलं. सूप केलं म्हणून भात लावला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तीन वर्षं झाली. ती नाही हे मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक आहे, समोरच्या न्हाव्याला ठाऊक आहे. शेजारीण तर तिच्या नावानं वसंतात बांबूचे कोंभ पाठवते. 'ताईंना आवडतात म्हणून,' म्हणते. आवडायचे नाही, आवडतात. मी त्यांच्यातल्या कुणाला कधी काही बोललो नाही. बोललो असतो तर सगळे थांबले असते. आणि ते थांबले असते, तर सेइ, माझं जेवण थांबलं असतं."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सेइजी हळूहळू म्हणाला, "म्हणजे टोफूवाल्याला आई दिसतच नव्हती."

"कशी दिसेल?"

"पोरगी दिसत होती. पोरगी दोन वाडगी मांडून बसलेली. त्या घरी घट्टच लागतं, हे त्याला आधीच ठाऊक."

"आणि सगळ्या गल्लीला ठाऊक होतं."

"आणि कुणी बोललं नाही." सेइजी ताडकन उठला, तो अंक ओढून घेतला आणि भिंग धरलं. "पण गुरुजी, वाडगं! टोफू घेताना आईचं वाडगं तिच्या हातात असलं तर..."

"वाडगं पायरीवर आहे."

खरंच पायरीवर होतं. आई दारात उभी, हात बाहीत घातलेले, आणि तिचं वाडगं खाली पायरीवर, कोइतोच्या वाडग्याशेजारी.

"तू कच्च्या चित्रात हातात दिलं होतंस," गुरुजी म्हणाले. "पण तुझे ते हात! मुळ्याची जुडी. ती सुधारत बसण्यापेक्षा मी वाडगं खाली ठेवलं आणि हात बाहीत कोंबले."

सेइजी इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. गुरुजी म्हणाले, "पुरे. कागदावर पाडशील. आणि हे बघ, इतके दिवस तूही मला तेच विचारतोयस, मऊ देऊ की घट्ट. मला कळत होतं. गोड वाटलं. पण आता पुरे. मी म्हातारा आहे, बाहुला नाही."

"गुरुजी, तुम्ही मला आठ वर्षं..."

"भात तिनं वाढला. मी नुसतं 'वाढ' म्हणालो. आभार मानायचे तर घरी तिच्या तसबिरीपुढं उदबत्ती लाव, मला काम करू दे. किती पानं आहेत?"

मित्सुए बाजारातून आली तेव्हा दोघं एकाच टेबलाशी वाकलेले होते, आणि एकमेकांवर खेकसत होते.

"टोफूवाल्याचा चेहरा इतका दुःखी नको! तो धंदेवाईक माणूस आहे."

"दुःखी नाही, ओशाळलाय तो."

"मग मान खाली घाल त्याची. डोळ्यांनी काय सांगतोस सगळं?"

मित्सुएनं पिशव्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "तुम्हाला कळलं का हो, गुरुजी?"

"मला केव्हाच कळलं, सूनबाई. तुझी चहाची ये-जा बघून पोट फुगायची वेळ आली. दिवसातून किती वेळा चहा पितं माणूस?"

त्या भागात असं होतं. आरशात केस विंचरताना कोइतोला मागं उभी असलेली आई दिसते, आणि दोघींचे पल्ले एकमेकींच्या उलट दिसतात. आजवर आईचा पल्ला तिला सरळच दिसत आलेला असतो, कारण तिला तो तसाच बघायचा असतो. इतके मेलेले पाहिलेली ती पोर पहिल्यांदाच घाबरते. धावत सुटते ती टोफूवाल्याकडं. "काका, त्या दिवशी तुम्ही कुणाला विचारलंत?" तो डोक्याचं फडकं काढतो आणि मान खाली घालून म्हणतो, "पोरी, तू दोन वाडगी मांडली होतीस. मी काय म्हणणार होतो?" मग ती न्हाव्याकडं जाते, शेजारणीकडं जाते, तांदूळवाल्याकडं जाते. सगळ्यांना ठाऊक असतं. रागानं दार वाजवायला निघालेली मुलगी शेवटच्या दारापर्यंत पोचते, तेव्हा तिला वाकून नमस्कार करण्यावाचून काही सुचत नाही. परत येते तर आई चहा ओतत असते. आईचाही एक प्रश्न राहिलेला असतोच. "माझ्यामागं ही नीट जेवेल ना?" कोइतो म्हणते, "आई, मी तीन वर्षं जेवतेय गं. सगळी गल्ली मला जेवू घालतेय." मग ती निळा किमोनो अंगावरून उतरवते, शिवण उसवते, धुते आणि अंगणात वाळत घालते.

शेवटचं पान पूर्ण गुरुजींचं. माणूस एकही नाही. संध्याकाळचं दार, पायरी, पायरीवर एकच वाडगं. दाराच्या लाकडाची रेघ न् रेघ त्यांनी नाक कागदाला टेकवून ओढली. सेइजीनं हात लावला नाही, पाहिलंही नाही, पूर्ण होईपर्यंत. मित्सुएनं मात्र तीनदा चहा दिला.

ओनोदेरा पानं न्यायला आला. जिन्यातच उभा राहून वाचायला लागला. शेवटच्या पानाशी थांबला. मग वर आला, बूट घरात घातलेत हे न कळता तसाच चटईवर आला.

"बूट!" मित्सुए ओरडली.

"क्षमा करा," तो म्हणाला आणि बूट हातात घेऊन गुरुजींपुढं वाकला. "कुसाका-सान, तरुण मुलगा मिळाला नाही. शोधलाच नाही मी."

"पाठवा की," गुरुजी म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून लागेल. मी थांबतोय."

सेइजी काही बोलणार, तोच ते म्हणाले, "थांब सेइ. हे पान चांगलं झालंय. मला दिसतंय तोवर झालंय. यानंतरचं इतकं चांगलं होणार नाही, आणि तू मला ते सांगणार नाहीस. म्हणून मीच सांगतो. आभार मान आणि मोकळा हो."

सेइजीनं चटईवर डोकं टेकवलं. मित्सुएनंही. ओनोदेरालाही मग बूट बाजूला ठेवून वाकावं लागलं. गुरुजींनी टाकाची निब काढली, फडक्यात पुसली, आणि खिशात न ठेवता सेइजीच्या शाईच्या दौतीशेजारी ठेवली.

त्या भागाला फोन आले ते निराळे. ओनोदेरा सांगायचा, पोरी अजून रडतायत, पण आता आम्हाला फोन करून शेजाऱ्यांविषयी सांगतायत. कुणाला कोण भाजी देतं, कुणाची आजी कुणाकडं जेवते. पुस्तक निघालं तेव्हा मुखपृष्ठावर सेइजीनं गुरुजींचंही नाव घालायला लावलं. पाट्या रंगवायला लागल्यापासून ते नाव कुठं छापलं गेलं नव्हतं. गुरुजींनी भिंगातून ते पाहिलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "तुझ्याएवढंच मोठं केलंस की रे. थोडं लहान चाललं असतं." पुस्तक मात्र खाली ठेवलं नाही. येताना हमामखान्यातून आले होते, जाताना पुन्हा तिकडूनच गेले, त्या म्हातारीच्या नातीला दाखवायला.

पुढं ते रोज संध्याकाळी नेरिमाच्या घरी जेवायला येऊ लागले. चित्राविषयी विचारलं तर बोलत, नाहीतर मित्सुएबरोबर मुळा किसत बसत. चिहारूला मुलगा झाला, त्याला त्यांनी मांडीवर घेतलं. चेहरा नीट दिसला नाही, म्हणून बोटांनी पाहिला. "हात चांगले आहेत याचे," म्हणाले, "बापाच्या वळणावर गेलेत, आजोबाच्या चित्रांवर नाही."

थंडीत त्यांना खोकला लागला. सेइजी रोज इस्पितळात जाई आणि नव्या भागाची गोष्ट सांगे. ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच म्हणत, "इथं घाई करतोस." मरायच्या आदल्या दुपारी त्यांनी मित्सुएला भात मागितला, आणि दोन घास खाल्लेही.

कुसाका योहेइ शोवाच्या एकसष्टाव्या वर्षी, मार्च महिन्यात, सकाळी गेले. त्यांचं वय त्र्याहत्तर होतं. सेइजी आणि मित्सुए दोघंही जवळ होते.